एकही खोटा शब्द नसलेला अर्ज

बायको जिवंत होती तोवर तिला हे सांगितलं नाही. मुलांना नाही, ज्या मित्रांबरोबर पानसुपारी खात कित्येक संध्याकाळी घालवल्या त्यांनाही नाही. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या सभेत एका तरुण मास्तरने भाषणात म्हटलं, "गुरुजींनी मुक्या लेकरांना वाणी दिली." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या.

विनय? मला तेव्हा उठून ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही, हार गळ्यात घालून घेतला, आणि घरी येऊन तो खुंटीला टांगला. त्या हाराचा मला आज इतका संताप येतो की — पण थांबा. संतापापासून सुरुवात केली तर मी पुन्हा मूळ गोष्ट टाळीन. आजवर तेच करत आलोय.

गावाचं नाव सांगत नाही. प्रकाशाहून शहाद्याकडे जाताना तापीच्या काठाला काळ्या जमिनीची जी गावं लागतात, त्यातलं एक. तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं आणि आमचं हे सगळं पश्चिम खानदेशात होतं. शाळा लोकल बोर्डाची. एकच लांबट खोली, पुढे ओटा, उत्तरेला दोन खिडक्या. मी नाशिककडचा, ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढलेला. गावात मला 'ट्रेन्ड मास्तर' म्हणत आणि मला ते आवडायचं. पोरं गुजरांची, पाटलांची, चार-दोन भिलांची. घरी कोणीच माझ्यासारखी मराठी बोलत नव्हतं. पुस्तकातली भाषा त्यांच्यासाठी जवळजवळ परकीच होती, पण मी याचा कधी विचार केला नाही. ती मठ्ठ आहेत, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्यात जमना होती. जगनभाई नावाच्या गुजर शेतकऱ्याची मुलगी, आठ-नऊ वर्षांची. तीन वर्षांची असताना ताप आला आणि कान गेले. धाकटे दोघे भाऊ शाळेत यायचे, ती घरी एकटी रडायची, म्हणून आईने तिलाही धाडलं. मी तिला कसं शिकवलं ते सांगू? मी तिच्या कानाशी जाऊन ओरडायचो. ओरडून भागलं नाही की पट्टी. पट्टी बसली की ती रडायची नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायची — आणि मला तो उद्धटपणा वाटायचा. बहिरी, मुकी, मठ्ठ: माझ्या लेखी हे एकाच शब्दाचे तीन उच्चार होते. शेवटी तिला मी दाराशी बसवलं. ओट्यावर शेळ्या चढायच्या, त्या हाकलायचं काम तिला दिलं. आणि हजेरीपटात तिच्या नावापुढे माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं — मंदबुद्धी.

हे माझं पाप नव्हे. म्हणजे हेही पापच, पण ते अज्ञानातलं. मी सांगणार आहे ते जाणूनबुजून केलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी पटसंख्या वाढली आणि मला एक सहायक मिळाला. नाव झिपरू. शहाद्याजवळच्या एका गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास. ट्रेनिंग नाही. जाडंभरडं धोतर, दाट मिशा, आणि बोलणं सरळ अहिराणी. माझ्याशी बोलताना तो शुद्ध बोलायचा प्रयत्न करी, पण वर्गात त्याचं 'आहे'ऐवजी 'शे' आणि 'नाही'ऐवजी 'नही' ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्याला खालचे दोन वर्ग दिले. एकाच खोलीच्या दोन टोकांना आम्ही दोघं. जमना त्याच्याकडे गेली.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "गुरुजी, ही पोर दाराशी का?"

मी कारण सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. जाऊन तिच्यापुढे उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, तो तिच्या डोळ्यांकडे.

दुसऱ्या दिवशी त्याने आपली खुर्ची हलवली. खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती, आम्हा सगळ्या मास्तरांच्या खुर्च्या तशाच असत. उजेड पाठीमागून आला की मास्तरचं तोंड काळं दिसतं, हे मला दोन वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. त्याने खुर्ची फिरवली आणि जमनाला पहिल्या ओळीत, थोडी कडेला बसवली — म्हणजे तिला मास्तरही दिसावा आणि मान वळवली की इतर पोरंही दिसावीत. कोण बोलतंय ते कळायला हवं ना तिला. फळ्यावर लिहिताना तो बोलायचा नाही. आधी लिहायचा, मग वळायचा, मग बोलायचा. शेजारी एक चुणचुणीत पोर बसवली. तिचं काम एवढंच, की वर्ग वाचत असेल त्या ओळीवर बोट ठेवायचं.

हे सगळं मी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून बघत होतो. मला हसू यायचं.

मग कापूस. मार्गशीर्षात पोरांच्या खिशात कापूस असायचाच. त्याने बोटभर पुंजका घेऊन आपल्या ओठांपुढे धरला आणि 'प' म्हटलं. पुंजका उडाला. 'ब' म्हटलं, जरासाच हलला. मग पुंजका जमनाच्या ओठांपुढे. तिला पहिल्यांदा उडवता आला तेव्हा सबंध वर्ग ओरडला. तिला ओरडा ऐकू आला नाही, पण पोरांची तोंडं दिसली. 'ग' आणि 'म' कापसाने कळत नाहीत. ते घशात आणि नाकात असतात. म्हणून तो तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून 'ग' म्हणायचा, आणि मग तिचा तोच हात तिच्या गळ्यावर. घसा थरथरला की बरोबर. भर वर्गात, सगळ्या पोरांसमोर, दार उघडं — हे लक्षात ठेवा. मी पुढे काय केलं ते ऐकताना हे लक्षात ठेवा.

आणि एक दिवस तो मिशी काढून आला.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते. गावात बोभाटा झाला. पारावर, पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता. आठवड्याने त्याचा बाप चार कोस चालत आला, हातात काठी, आणि ओट्याच्या पायरीशी उभा राहिला.

"मी अजून जित्ता शे ना रे?" एवढंच म्हणाला.

झिपरू खाली उतरला. बापाच्या पाया पडला. "तिले मन्हं तोंड दखाले पाहिजे, बा," तो म्हणाला. "मिशी काय, वाढी जाई."

म्हातारा ओट्यावर बसला. तासभर बसला. जमनाने पाटीवरून वाचून दाखवलं — गाय, पाणी, माय. तिचा आवाज सपाट आणि नाकातून यायचा, शब्दांच्या कडा जागेवर नसायच्या. पण शब्द होते. म्हातारा उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आला तसा चालत निघून गेला.

हे मी पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मला काय वाटलं? मला वाटलं — ट्रेन्ड मास्तर मी आणि लोक ओट्याशी येऊन बघतात याला.

त्या वर्षी डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले. माझ्या वर्गाने कविता म्हटल्या, तोफा सुटाव्यात तशा. साहेबांनी मान हलवली. मग ते खालच्या वर्गाकडे वळले आणि पहिल्या ओळीत बसलेल्या जमनाबद्दल विचारलं. झिपरूने सांगितलं. साहेबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी झिपरूला बाहेर उभं केलं, जमनाच्या हाती खडू दिला आणि स्वतः एक शब्द उच्चारला. तोंडात पान होतं. तिला कळलं नाही. घाबरली नाही मात्र. तिने आपलं बोट ओठांना लावलं — ही तिची आणि झिपरूची खूण होती, पुन्हा बोला म्हणून. साहेब हसले, बाहेर जाऊन पान थुंकून आले आणि पुन्हा बोलले. तिने फळ्यावर लिहिलं: नदी.

जाताना शेरेबुकात लिहून गेले, की सहायक शिक्षकांची शिकवण्याची रीत इतर शाळांनी पाहण्याजोगी आहे. माझ्याविषयी एकच ओळ होती — हजेरीपटातील खाडाखोड टाळावी. खाडाखोड कसली, ते मला माहीत होतं. जमनाच्या नावापुढचा 'मंदबुद्धी' शब्द मी आदल्या दिवशी घाईने खरवडून काढला होता.

आता सांगतो. आता आडवळण उरलेलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात, एका दुपारी शाळा सुटल्यावर, मी टेबलाशी बसलो आणि डाव्या हाताने एक अर्ज लिहिला. शिक्षणखात्याच्या कचेरीला. मजकूर मला अजून पाठ आहे. सहायक मास्तर एका मुक्या मुलीचा हात रोज आपल्या गळ्यावर ठेवतात व मग तो तिच्याही गळ्यास लावतात. मुलगी मुकी असल्याने तिला तक्रार करता येत नाही. सदर मास्तरांनी वडील हयात असता मिशी काढली आहे. गावात चर्चा आहे. खाली सही — एक गावकरी. बाजाराच्या दिवशी शहाद्याला गेलो आणि तिथल्या पेटीत टाकला.

पुन्हा वाचून बघा. त्यात एकही शब्द खोटा नाही. हात ठेवत होते, खरं. ती तक्रार करू शकत नव्हती, खरं. करण्यासारखी तक्रारच नव्हती, हे मी लिहिलं नाही, एवढंच. चर्चा होती, खरं — मिशीची होती, पण होती. मी गावातच राहत होतो, तेव्हा 'एक गावकरी' हेसुद्धा खरं. अर्ज लिहिताना मला याचा अभिमान वाटला होता, हे सांगायला हवं. भाषेवर आपली हुकमत आहे असं वाटलं. खरे शब्द खोट्या क्रमाने मांडायला मला कोणत्या ट्रेनिंगने शिकवलं?

तीन आठवड्यांनी डेप्युटीसाहेब पुन्हा आले. या खेपेला हसले नाहीत. मला एकट्याला ओट्याच्या कडेला नेलं आणि म्हणाले, "हेडमास्तर, शाळा तुमच्या डोळ्यांसमोर चालते. यात वावगं काही आहे का?"

तुम्हीच सांगा, किती सोपं होतं. 'नाही, साहेब.' दोन शब्द. अर्ज फाटला असता, गोष्ट तिथे संपली असती, आणि मी ज्या चिखलात उतरलो होतो त्यातून पाय काढायची संधी त्या माणसाने आपण होऊन माझ्या हातात ठेवली होती.

मी म्हणालो, "मी माझ्या वर्गात असतो, साहेब. मला नक्की सांगता येणार नाही."

एकच खोली होती. आमच्यामध्ये भिंतसुद्धा नव्हती. साहेबांना ते दिसत नव्हतं का? दिसत होतं. त्यांचाही मला राग येतो. एका मुलीने त्यांच्यासमोर नदी लिहिली होती, आणि तरी त्यांना वजनदार वाटला तो बिनसहीचा कागद. पण त्यांच्यावर रागावणं हीदेखील माझी एक पळवाट आहे. त्यांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं.

मग झिपरूला बोलावलं. अर्जात काय आहे ते सांगितल्यावर तो आधी गोंधळला. त्याला त्यातला वार कळलाच नाही. "हो, ठेवतो ना साहेब," म्हणाला. "त्याशिवाय 'ग' कसा कळणार तिला? हे बघा —" आणि समजावण्याच्या भरात त्याने साहेबांचा हात धरून आपल्या गळ्याकडे नेला. साहेबांनी हात झटकला. तेव्हा त्याला कळलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माणसाचं तोंड असं पुसून काढल्यासारखं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

लोकांत बोभाटा नको, म्हणून बदली झाली. थेट सातपुड्यात, अक्राणीकडे, जिथे पोरं पावरी बोलतात आणि पावसाळ्यात वाटा बंद होतात. दोष सिद्ध झाला नव्हता. सिद्ध करायची कोणाला गरजही वाटली नाही. तो गेला त्या दिवशी जाताना माझ्या पाया पडला. मी त्याला पडू दिलं.

चार दिवसांनी जगनभाई शाळेत आला. जमनाचा हात धरून.

"गुरुजी," तो म्हणाला, "लोके काहीबाही बोलतस. तुम्ही मोठा मास्तर. खरं काय शे ते तुम्ही सांगा."

साहेबांनी विचारलं ती पहिली संधी, झिपरू पाया पडला ती दुसरी, ही तिसरी. मोजून तिसरी. बाप समोर उभा होता, त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं की काही झालं नाही, पोरीला शाळेत राहू द्या. त्याच्या डोळ्यांत तेच होतं. मी म्हणालो, "मुलीची जात आहे, जगनभाई. घरी ठेवलेली बरी."

जमना माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं होतं की बोलणं तिच्याबद्दल आहे. माझ्या ओठांवर झुपकेदार मिशी होती, तिच्याखाली शब्द कसे हलले ते तिला दिसलं नाही. तिने बोट ओठांना लावलं. पुन्हा बोला.

मी तोंड फिरवलं. जगनभाई तिला घेऊन गेला.

इथे थांबलो असतो तरी मला तुमच्याकडे नीट बघता आलं नसतं. पण मी थांबलो नाही.

दोन महिन्यांनी झिपरूचं पत्र आलं. मला. त्याच्या मनात माझ्याविषयी कसलाही संशय नव्हता, उलट मीच आता जमनाला शिकवत असेन असं धरून त्याने चार पानं लिहिली होती. चुका होत्या, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. पण मजकूर — तिला 'समजलं का' असं विचारू नका, गुरुजी, ती नेहमी मान हलवते. 'दाखव' म्हणा. नवा धडा असेल तर त्यातले पाच-सहा शब्द आदल्या दिवशी चित्र काढून पाटीवर द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या मागे पडत नाही. ओरडू नका, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. सावकाश बोला, पण शब्द तोडून तोडून नको, वाक्य अख्खं द्या. घागर, दोर, खुंटी, जे हाताशी असेल त्यावर चिठ्ठी लावा. हिशेब चिंचोक्यांवर आधी, पाटीवर मग. दुपारनंतर तिचे डोळे दमतात, दिवसभर तोंडं वाचायची म्हणजे सोपं नाही, तेव्हा अवघड धडा सकाळी घ्या. आणि शेवटी एक ओळ होती: हे सगळं तिच्याचसाठी नाही, गुरुजी. भिलांची पोरं आणि तो अक्षरं उलटी लिहिणारा पोऱ्या, हे पण याच रीतीने शिकले. एकीला दिसावं म्हणून केलं, तर सगळ्यांना दिसायला लागलं.

हे पत्र वाचून मी काय केलं? जगनभाईच्या घरी गेलो का? घर दोनशे पावलांवर होतं. गेलो नाही. पत्र पेटीत ठेवलं.

आणि तीन वर्षांनी, शिक्षकांचं संमेलन भरलं तेव्हा, ते बाहेर काढलं. व्यंग असलेल्या मुलांस वर्गात कसे शिकवावे — असा विषय घेऊन मी बोललो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'घागर'च्या जागी 'नित्योपयोगी वस्तू' लिहिलं. कापसाचा पुंजका उडवून दाखवला तेव्हा सभागृहात टाळ्या झाल्या. पुढे ते भाषण शिक्षकांच्या एका मासिकात माझ्या नावाने छापून आलं. दोन-तीन ठिकाणी व्याख्यानाला बोलावणी आली. बढती झाली ती त्यामुळेच, असं लोक म्हणत. गळ्यावर हात ठेवायची रीत मात्र मी लेखातून गाळली. का गाळली, ते तुम्हाला कळेलच.

खरं सांगायचं तर मी पुढे त्या रीतीने शिकवलंही. दुसऱ्या शाळांत, दुसऱ्या मुलांना. एक अंधुक नजरेचा मुलगा होता, एक तोतरी मुलगी होती. ती शिकली. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. मला एवढंच म्हणायचंय, की रीत खरी होती, हे मला पुन्हा पुन्हा कळत गेलं, आणि दर वेळी कळूनही मी तिला माझंच नाव लावलं.

जमनाची खबर मला बऱ्याच वर्षांनी लागली. प्रकाशाच्या यात्रेत तिची आई भेटली. तापीपलीकडच्या गावी एका बिजवराला दिली म्हणाली. घरकाम करते, ढोरं सांभाळते. मी विचारलं, बोलते का? का विचारलं कोण जाणे.

आई म्हणाली, "पहिले बोले, गुरुजी. घरमा समदासंगे बोले. आते नही. तठे तिन्हासंगे कसं बोलानं, ते कोणलेच माहीत नही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं आणि मला प्रसादाचा नारळ दिला. तो मी घेतला. बघा, घ्यायची वेळ आली की मी कधीच मागे हटलो नाही.

आणि झिपरूही भेटला. शहाद्याच्या बाजारात, धान्याच्या गाड्यांजवळ. केस पिकले होते, मिशी पुन्हा होती, त्याचा बाप अजून जिवंत होता. मला बघून धावत आला. पाया पडला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमचा लेख वाचला मासिकात. आमच्या शाळेत अंक येतो."

मला वाटलं, आता विचारेल.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला असं लिहिता आलं नसतं. कोणीतरी लिहिलं, ते बरं झालं. आता डोंगरातल्या मास्तरांना मी तोच अंक दाखवतो. माझं ऐकत नाहीत, छापलेलं ऐकतात."

त्याच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. अजूनही शोधतो. टोमणा असता तर मला किती बरं वाटलं असतं. नव्हता. मग त्याने विचारलं, "आपली जमना कशी आहे?"

"चांगल्या घरी दिली," मी म्हणालो.

"वाचते का अजून?"

"वाचते."

तो हसला. इतका मोकळा हसला, की मी दुसरीकडे बघायला लागलो. त्या अर्जाने त्याची नोकरी डोंगरात गेली, ठीक, तो तिथेही शिकवत राहिला. पण त्या एका 'वाचते' शब्दाने मी त्याला जे दिलं, ते तो आजही उराशी धरून फिरतो आहे. अर्जात एकही शब्द खोटा नव्हता. हा होता.

लोक मला म्हणतील — त्या काळी असंच होतं, कोणाला काय कळत होतं. ही थाप मला चालणार नाही. झिपरू त्याच काळातला होता. त्याच शाळेत, त्याच खोलीत, माझ्याहून कमी शिकलेला, माझ्याहून कमी पगारावर. त्याला कळलं. त्याने खुर्ची फिरवली. काळाच्या नावावर हे खपवणाऱ्यांची मला चीड येते, कारण इतकी वर्षं मीही तेच करत होतो.

जगनभाई आता नाही. डेप्युटीसाहेब कुठे आहेत मला माहीत नाही. माझा लेख अजून कुठे कुठे वाचला जातो, मध्यंतरी कोणी त्याची नक्कल मागवली होती. तो लेख माझा नाही. त्यातली प्रत्येक रीत झिपरू मास्तरची आहे, एका बहिऱ्या मुलीपुढे उकिडवं बसून शोधलेली. ज्यांनी तो माझ्या नावाने वापरला, त्यांनी नाव खोडून दुरुस्त करावं.

हे मी त्याच मासिकाकडे धाडतो आहे. संपादकांनी छापायचं कबूल केलंय. झिपरू मास्तर अजून नोकरीत आहेत, अक्राणीतच, आणि अंक त्यांच्या शाळेत जातो. मासिक ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, बाजारात मला त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे हे ते वाचतील. अर्ज कोणी लिहिला ते त्यांना कळेल, आणि जमना वाचत नाही हेही कळेल.

जमना दिलीय त्या तापीपलीकडच्या गावाचं नाव मी त्यांना वेगळ्या पत्राने कळवलं आहे. पत्रात गावाच्या नावाशिवाय दुसरं काहीही लिहिलेलं नाही.